पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकणाऱ्यांना कुणी विचारतं का? पशुसंवर्धन मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरात कुत्र्याच्या पिल्लांची खरेदी वाढते. पोरं हट्ट धरतात, आईबाप गाडी काढतात आणि संध्याकाळपर्यंत लॅब्राडॉर घरात. यंदाही मागचे पाय लटपटणारी, जेमतेम महिन्याची पिल्लं ‘पंचेचाळीस दिवसांची’ म्हणून विकली जात आहेत. बिल नाही, आई दाखवायची नाही. तक्रार केली तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात पाहणी करतो’ असा शब्द मिळाला होता. तो आठवडा अजून उजाडायचा आहे.

महोदय, 2017 चे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम आपल्या टेबलावर नसतील तर आठवण करून देतो. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. म्हणजे ‘पंचेचाळीस दिवसांचं आहे साहेब’ म्हणणारा विक्रेता गुन्ह्याची कबुली गिऱ्हाइकासमोरच देतो. ती ऐकायला आपल्या खात्याचं कुणी तिथे नसतं, एवढंच.

हे अकरा दिवस कशाला हवेत, असं कुणी विचारेल. पिल्लू आपल्या भावंडाला चावतं, ते भावंड केकाटतं आणि खेळ मोडतं. आईला जोरात चावलं तर ती दटावते. दाताचा जोर किती ठेवायचा हे ते असं शिकतं. महिन्याचं असतानाच उचललेल्या पिल्लाचं हे शिक्षण अर्धवट राहतं आणि उरलेले धडे ते चार वर्षांच्या मुलाच्या हातावर गिरवतं. मग घरचे म्हणतात, ‘कुत्रा चावरा निघाला.’

दुसरं पार्व्होचं, म्हणजे पिल्लांना मारणाऱ्या विषाणूच्या आजाराचं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते, पण ती उरलेली असेपर्यंत लशीला नीट काम करू देत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून पुढे, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यावी लागते. दुकानातला माणूस ‘एक इंजेक्शन झालंय’ सांगून मोकळा होतो. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण, मग सलाइन. पैसे बापाचे जातात, रडतं पोर, आणि रात्री अकराला फोन येतो आमच्यासारख्यांना. दर मोसमात तेच फोन आणि तेच प्रश्न. पिल्लू विकणारा मात्र फोन उचलत नाही.

बरं, लोकांनी निवड करायची तरी कशाच्या जोरावर? बाजारात शब्द कोणते चालतात ते एकदा ऐका: ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’ (म्हणे दणकट हाडाचं), ‘विथ पेपर’ (वंशावळीच्या कागदासह). डबल बोन नावाचं हाड कुठल्याही पशुवैद्यकाने पाहिलेलं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जाणाऱ्या या शहरात बर्फाळ मुलखातली हस्की विकली जाते आणि वर सांगतात, ‘कूलर लावा, काही होत नाही.’ कुत्रा जिभेतून वाफ काढून अंग थंड ठेवतो. खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला की खोली दमट होते आणि धापा टाकूनही अंग निवत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर श्वासच पुरत नाही. अंगाचं तापमान 41 अंशांच्या वर गेलं की उष्माघात, मग धावपळ.

लहान मुलं असलेल्या घराला आम्ही जे सांगतो, ते आपल्या खात्याला एका कागदावर छापता आलं असतं. मूल पाच वर्षांखालचं असेल तर पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचा, स्वभाव कळलेला, रेबीजची लस झालेला कुत्रा बरा. आपला गावठी असेल तर आखूड केसांचा, पंधरा-वीस किलोचा, इथल्या उन्हाला सरावलेला. लॅब्राडॉर गुणी खरा, पण तीस किलोचा होतो, दीड-दोन वर्षं धसमुसळा राहतो आणि महिन्याला दहाएक किलो खाणं संपवतो. बीगल आटोपशीर, पण गळा मोठा. फ्लॅटमध्ये शेजारी पोलिसांत जातील. पिल्लूच हवं असेल तर आधी आई बघा. ती अंगावर येत असेल किंवा कोपऱ्यात दबत असेल तर उठून या. पिल्लापासून चार हातांवर स्टीलची वाटी पाडा: दचकून मग वास घ्यायला पुढे येतं ते चालेल, पलंगाखालून बाहेरच येत नाही ते मुलांच्या गोंगाटात टिकणार नाही. पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर जंत धरा. ते जंत पोरांनाही होतात. आणि घरी आणल्यावर, जेवताना किंवा झोपेत कुत्र्याच्या अंगावर मूल जाऊ द्यायचं नाही. नको झालं की तो आधी ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारलंत तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल.

ही माहिती लोकांना कोण देणार? सरकारला सोपं काय, तर बंदी. 12 मार्च 2024 ला केंद्राने एक पत्र काढून कुत्र्यांच्या 23 ‘हिंस्र’ जातींवर बंदी घाला म्हणून सांगितलं. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण ज्यांचा संबंध आहे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जात बंद करून दात बंद होत नाहीत, महोदय. पण पत्र काढायला एक दिवस लागतो, दुकान तपासायला माणूस लागतो.

आणि शिक्षा? 1960 च्या कायद्यात प्राण्याला छळल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आमच्याकडे तर्रीपोहे येतात, वर चहा घ्यायचा तर खिशात हात घालावा लागतो. साठ वर्षांहून जास्त काळ हा आकडा तसाच आहे. त्या काळात आमदारांचे भत्ते कितीदा वाढले ते आपणच मोजा. राज्याचं पशुविज्ञान विद्यापीठ नागपुरात, पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर, हिवाळी अधिवेशन इथेच, आणि तरीही त्याच शहरात एका दुकानाची झडती होत नाही. अधिवेशनात आपण संत्री खाता, सीताबर्डीच्या बाजारात फिरता, आश्वासनं टाकता आणि मुंबईला जाता. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या, फाईल ‘वर’ गेलेली, जबाबदारी महापालिकेची की प्राणी कल्याण मंडळाची की आपली, हे विचारायला गेलं की चौथं टेबल दाखवतात. कुत्र्याचं सोडा, इथे माणसाची फाईल हलत नाही.

मागणी मोठी नाही. दुकानाच्या दारावर नोंदणी क्रमांक, प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), बिलावर आईचा आणि पिल्लाचा जन्मदिनांक, सोबत लसीकरणाचं कार्ड. आणि महिन्यातून एक अचानक तपासणी. वय ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: दुधाचे दात एकूण 28, आणि बहुतेक पिल्लांचे ते आठव्या आठवड्यापर्यंत सगळे आलेले असतात. मागच्या दाढा नसल्या तर बहुधा आठ आठवडे भरलेले नाहीत, तिथेच पंचनामा करा. तेव्हा येणाऱ्या अधिकाऱ्याची पदवी काय आहे याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, त्याला अठ्ठावीसपर्यंत मोजता यावं.

आपले,
नागपुरातले काही श्वानप्रशिक्षक आणि पशुवैद्यक