हळदीचा सौदा करताना शिजवणीही तपासावी

माननीय संपादक महोदय,

हंगाम सुरू झाला की हळदीच्या भावाची चर्चा आपल्या दैनिकात रोज असते आणि ती असायलाही हवी; परंतु ज्या रंगासाठी आणि वासासाठी हा भाव मिळतो तो काढणीनंतरच्या पंधरा-वीस दिवसांतच टिकतो किंवा बिघडतो, याविषयी फारसे कुणी लिहीत नाही.

ओल्या हळदीत ७० ते ८० टक्के पाणी असते. ती काढल्यावर दोन-तीन दिवसांत शिजवली, तर आतला स्टार्च फुगून एकजीव होतो, पिवळेपणा देणारे करकुमिन हळकुंडभर सारखे पसरते, कोंब फुटण्याची शक्ती संपते आणि पुढे वाळायलाही वेळ कमी लागतो. पूर्वी कढईत फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटला, की काडी टोचून पाहत. ती अलगद आत गेली म्हणजे हळद शिजली. आता वाफेवर हळद शिजवणाऱ्या भाड्याच्या मोठ्या कुकरने हे काम झटपट उरकते खरे, पण भाडे क्विंटलवर असल्याने चालकाला पुढच्या शेताची घाई असते आणि काडी टोचायला कुणी थांबत नाही. कमी शिजलेले हळकुंड ठिसूळ राहते. जास्त शिजले तर त्याचा रंग काळपट पडतो आणि टर्मेरोनसारख्या ज्या घटकांमुळे हळदीला वास असतो, ते सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. गड्डे (मधले मुख्य कंद) आणि हळकुंडे एकत्र शिजवली तर एकाच घाण्यात हे दोन्ही दोष येतात, कारण जाड गड्ड्यांना वेळ जास्त लागतो.

वाळवणीतही असेच होते. थर फार पातळ पसरला तर उन्हाने रंग उडतो, म्हणून तो दोन-तीन इंचांचा ठेवून वरचेवर हलवावा, रात्री झाकावा आणि ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की थांबावे. नीट वाळलेले हळकुंड मोडताना कडक आवाज होतो. ओलसर माल पोत्यात भरला तर बुरशी धरते. अवकाळी पावसाच्या दिवसांत तर हा धोका मोठाच.

असे असूनही मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, पॉलिशच्या चकाकीला मान मिळतो. पॉलिशने वरची खरबरीत साल जाते, आतल्या तेलात वा करकुमिनमध्ये थेंबाचीही भर पडत नाही. (चकाकीच्या याच हव्यासातून लेड क्रोमेटसारखी विषारी भेसळही होते, हे ग्राहकांनी ध्यानात ठेवावे.) २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे; म्हणून आता मराठवाड्यातील बाजार समित्यांनी सौद्याच्या जागीच ओलावा मोजावा, नमुन्यातील करकुमिन व तेल तपासण्याची सोय करावी आणि ते आकडे शेतकऱ्याच्या पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) छापावेत, अशी माझी विनंती आहे. पुढच्या हंगामाची काढणी सुरू होण्याआधी हे झाल्यास कुकरवाल्याला दोन घाणे कमी घ्यायला सांगताना आमच्या हाती निदान एक कागद असेल.

आपला विश्वासू,
एक हळद उत्पादक शेतकरी,
ता. वसमत, जि. हिंगोली