एलएसयूचा हंगाम आणि अन्नपेढी

महोदय,

अमेरिकी कॉलेज फुटबॉलची आपल्या क्रीडापानावर क्वचितच दखल घेतली जाते, तीही निकालापुरती. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे एलएसयूचा, २०१९ चा हंगाम मात्र निकालापलीकडे पाहण्यासारखा होता. पंधराच्या पंधरा सामने जिंकले. उपांत्य फेरीत ओक्लाहोमाची ६३-२८ अशी धुलाई झाली आणि क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरोचे सात टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) तर मध्यंतराआधीचेच! अंतिम सामन्यात क्लेम्सनलाही ४२-२५ असं गारद केलं. हाच बरो आधी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात बाकावर बसून असायचा.

मला मात्र लक्षात राहिलं ते वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा हाइजमन करंडक घेतानाचं त्याचं रडवेलं भाषण. आमच्या भागातली मुलं शाळेतून घरी जातात तेव्हा ताटात फारसं काही नसतं, अशा अर्थाचं तो बोलला. तेवढ्यावर त्याच्या भागातल्या, म्हणजे ओहायोतल्या अथेन्स काउंटीच्या, गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या अन्नपेढीकडे चार लाख डॉलरहून अधिक देणग्या आल्या.

आता दुसरी बाजू. याच संघाचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांना २०२१ मध्ये करार संपण्याआधीच निरोप देताना सुमारे १.७ कोटी डॉलर मोजायचं ठरलं. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवायची मुभासुद्धा त्याच वर्षी मिळाली. लाखभर प्रेक्षकांच्या मैदानात खेळणाऱ्या पोरांनी तोवर शिष्यवृत्तीवर भागवायचं, आणि याला म्हणे हौशी खेळ!

– एक क्रीडाप्रेमी वाचक, सांगली