फायबर होड्यांचे पापुद्रे का सुटतात?

संपादक महोदय,

आमची होडी शापोऱ्याची, फायबरची, पाच पावसाळे झाले नाहीत तोच तळाचे पापुद्रे सुटायला लागले. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना चिकटवून घट्ट होणारं रेझिन. सगळे म्हणतात काच कमी घातली असेल. पण बऱ्याचदा काचेचा धागा आधी तुटतच नाही, धागा आणि रेझिन जिथे चिकटलेत ती जागा सुटते आणि मग तिथून खारं पाणी आत शिरत राहतं. धाग्यावर सिलेन नावाच्या रसायनाचा पातळ थर असतो, तो दोघांना धरून ठेवतो, पण सतत पाण्यात राहून ही पकड ढिली होते.

आता संशोधक धाग्यावरच झिंक ऑक्साइडच्या नॅनो (अतिसूक्ष्म) तारा वाढवतात, तेही १०० अंशांखालच्या द्रावणात, म्हणजे धागा भाजून कमजोर होत नाही. ब्रशच्या केसांसारख्या या तारा रेझिनमध्ये रुततात. २००९ मध्ये कार्बन धाग्यावर पकड दुपटीहून जास्त मिळाली, प्रयोगशाळेत का होईना!

जगप्रदक्षिणा केलेली नौदलाची शिडाची होडी 'तारिणी' आपल्या गोव्यात दिवाडी बेटावरच बांधली, दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, फर्मागुडीला आयआयटी. यांनी अशा तारांच्या धाग्याचे नमुने शापोऱ्याच्या जेटीवर दोन पावसाळे बुडवून बघावेत ना, जागा आणि होडी आम्ही देतो.

– एक मच्छीमार, शापोरा