मुलीला पत्र: दवाखाना तुझा एकटीचा नाही

नगर,
रविवार दुपार

प्रिय करुणा बाळास,
आईचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी नुसतं "हो गं, हो गं" करत राहिले. रेंज जात-येत होती, तुझ्यामागे कुणीतरी "मॅडम, मॅडम" अशा हाका मारत होतं. तसं तुटक बोलण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून लिहायला बसले. पप्पांना वाचून दाखवलंय. दोन ठिकाणी ते म्हणाले, "एवढं कडक नको." त्यातलं एक मी बदललं.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. बाँडची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सेवेची, दोन वर्षं संपत आली, पुढे नीट-पीजी ही पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा द्यायची की तिथंच नंदुरबारकडे राहायचं ते ठरत नाही. देवानं तिथं पाठवलंय, तू निघालीस तर दवाखाना बसेल. बाळंतपणाला तू, सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक दुखण्याच्या, पोरांना तू, रात्री जनरेटर बंद पडला तरी हाक तुलाच. सिस्टरांवर सोडून झोप लागत नाही. आणि शेवटी विचारलंस, "आई, आज्ञा पाळायची म्हणजे हे असंच सोसायचं ना?"

दमणं मला कळतं. मीही नर्स, नाईट करूनच म्हातारी झाले. पण तुझ्या बोलण्यातली वेगळीच गोष्ट माझ्या मनाला लागली. देवावर तुझा भरवसा आहे, आणि त्यानं तुझ्या शेजारी उभ्या केलेल्या माणसांवर मात्र नाही. या दोन गोष्टी एका माणसात फार दिवस नांदतील असं मला वाटत नाही.

बायबलमधलं निर्गम 18 काढून वाच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला, बाहेर रांग. सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला. तो मिद्यानचा याजक, इस्राएलीसुद्धा नव्हे. त्यानं एक दिवस पाहिलं आणि जावयाला तोंडावर सांगितलं की हे काही बरं चाललेलं नाही, तूही थकून जाशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि मोठं तेवढं तुझ्याकडे येऊ दे. ज्याच्याशी देव बोलत होता त्या मोशेनं सासऱ्याचं ऐकलं! आज्ञापालन म्हटलं की शब्बाथ शाळेत आपण देवाच्या शब्दावर मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाची गोष्ट सांगतो. मीही तीच सांगत आले. पण तुझ्यासारखीला ही जास्त उपयोगाची. इथं आज्ञा पाळायची म्हणजे हातातलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं होतं, आणि मोशेला ते सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही.

आता जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचं सांगते. तू बालवाडीत होतीस तेव्हा आम्हा काही सिस्टरांना तिथं पाहायला पाठवलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही वेल्लोरचे, म्हणजे तुझ्याच कॉलेजचे. आधी आपल्याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं. तिथं त्यांच्या लक्षात आलं की खाटेवर येणारी बहुतेक दुखणी गावातच थांबवता आली असती. मग अमेरिकेत पुढचं शिकून परत आले आणि 1970 साली जामखेडला स्थायिक झाले. दुष्काळी मुलूख. त्या गावांत वर्षाच्या आत दगावणारी बाळं हजारात 176 होती.

आणि ऐक, पहिल्यांदा त्यांनी काय केलं? शिकलेल्या नर्स मुली खेड्यांत नेमल्या. ते साफ फसलं. परक्या गावात एकटी तरुण मुलगी, तिला राहवेना; गावच्या बायकांना तिचं पटेना. मग गावच्याच माणसांनी सुचवलं की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. ज्या बाया पुढे आल्या त्या बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. आम्ही नर्सेस हे ऐकून एकमेकींकडे पाहायला लागलो. आमच्यातली एक हळूच म्हणाली, "म्हणजे आपण तीन वर्षं शिकलो ते फुकटच!"

पण मग त्यातल्याच एका बाईंनी आम्हाला जुलाबाच्या पोराला द्यायचं पाणी करून दाखवलं. लिटरभर पाणी मोजून घेतलं, चहाच्या चमच्यानं साखर घेतली, प्रत्येक चमचा बोटानं सपाट करून, सहा. मीठ अर्धा चमचा. आम्ही तर वॉर्डात पाकीट फोडून ओतायचो, चमचा सपाट करायचं कुणाच्या ध्यानात होतं? ढवळून झाल्यावर त्यांनी तळहातावर थेंब घेऊन चाखला, मग आम्हालाही चाखायला लावला. म्हणाल्या, "डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्या, नाहीतर पोराला बाधंल." नंतर आमच्यातल्या सर्वात सिनियर सिस्टरला म्हणाल्या, "आता तुम्ही करा, मी बघते." आणि खरंच शेवटपर्यंत नजर ठेवून बसल्या.

अशा बायांच्या हातून पुढच्या वीसेक वर्षांत तो 176 चा आकडा तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक वाटतं. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांतदादा 2011 मध्ये. त्यांच्या जाण्यानं जामखेड बसलं नाही. आपण जाणारच आहोत असं धरूनच त्यांनी काम बांधलं होतं. डॉक्टरला आपली विद्या वाटून टाकणं किती जिवावर येतं ते मी जन्मभर पाहिलंय. आमच्याकडे एक साहेब तर केसपेपरवर मुद्दाम असं लिहीत की दुसऱ्याला वाचता येऊ नये!

दुष्काळाच्या वर्षांत तिथं बोअर घ्यायचे होते, तेव्हा जागा दलित वस्तीत निवडल्या, म्हणजे पाण्यासाठी अख्ख्या गावाला तिकडे जावं लागेल. त्यावर भाषण नाही, पत्रक नाही. शुभवर्तमान जगणं कशाला म्हणतात असं मला कुणी विचारलं तर मी ते बोअर दाखवीन.

पंडिता रमाबाईंचं तू शाळेत पाठ केलंयस, म्हणून जास्त लिहीत नाही. पण केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जाशील तेव्हा छापखान्याची चौकशी कर. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या मुली उचलून आणल्या, हाडाचे सापळे झालेल्या, त्यांच्यासारख्यांच्या हातात रमाबाईंनी छपाईचे खिळे दिले, माग दिले, गाई दिल्या, शेत दिलं. अंध मुलींनासुद्धा नुसतं बसवून खाऊ घातलं नाही, शिकवलं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर त्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापलं गेलं आणि ते पुरं निघालं 1924 साली, रमाबाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर. लेक मनोरमा, जिच्यावर सगळा भार टाकायचा होता, ती तर आईच्याही आधी, 1921 मध्ये गेली. विचार कर, त्या बाईनं सगळं आपल्याच मुठीत ठेवलं असतं तर?

आता आज्ञेचं. आपल्या मंडळीत "मला प्रभूनं सांगितलं" असं कुणी म्हटलं की पुढे बोलायची सोयच उरत नाही, ते तूही पाहिलंयस. मीटिंगमध्ये ज्याला हरायचं नसतं तो ते म्हणतो. तू तशी नाहीस. पण देवानं मला इथं आणलंय हे खरं असलं तरी त्यातून "म्हणून मी सांगेन तेच आणि मी करीन तसंच" असं निघत नाही. अंत्युखियाच्या मंडळीनं उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि पाठवलं ते दोघांना, बर्णबा आणि शौल, म्हणजेच पौल. पुढे योहान मार्क या सोबत्याला न्यायचं की नाही यावरून त्या दोघांचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या. तरीही बघ, बर्णबानं मार्काला घेतलं आणि पौलानं सीलाला. भांडून निघाले तेव्हासुद्धा एकटं कुणी गेलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या 15 व्या अध्यायातली ही बाब पाळकसाहेब कधी सांगत नाहीत, भांडणापाशीच थांबतात.

मी सिस्टर म्हणून तुला चार गोष्टी सांगते, त्या ऐक. परवा रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीसाठी तुला उशिरा उठवलं म्हणून तू चिडलीस. रास्त आहे. पण रात्री दोन वाजता सिस्टर डॉक्टरला का उठवत नाही, माहीत आहे? मागच्या वेळी उठवलं तेव्हा काय ऐकावं लागलं ते तिच्या कानात असतं. तू काय बोललीस ते मी विचारत नाही. उद्या तिला बोलाव, चहा पाज आणि सांग की शंका आली की उठवायचं, फुकट उठवलं तरी मी बोलणार नाही. आणि मग खरंच बोलू नकोस, त्यातच सगळी परीक्षा आहे.

दुसरं, रक्तस्रावाच्या पहिल्या दहा मिनिटांत तिथं तू नसतेस, सिस्टर असते. रक्त थांबवायचं ऑक्सिटोसिन किती, गर्भाशय कसं चोळायचं, सलाईनची दुसरी लाईन कधी लावायची, हे सही करून लेखी दे आणि लेबर रूमच्या भिंतीवर लाव. महिन्यातून एकदा सगळ्यांकडून करून घे, आयामावशीकडूनसुद्धा. बर्फ आणायला आणि नातेवाइकांना सांभाळायला तीच धावते. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतकळांच्या प्रगतीचा तक्ता, त्यांना भरू दे, तू तपास. भरवसा टाकायचा म्हणजे डोळे मिटायचे असं मी मुळीच म्हणत नाही. जामखेडच्या त्या बाईंनीही आमच्यावर नजर ठेवलीच होती.

आणि ओव्हर घ्यायला तूसुद्धा उभी राहत जा. सकाळी नाईटची सिस्टर मॉर्निंगला ओव्हर देते तेव्हा डॉक्टर सहसा फिरकत नाहीत. खाट नंबर चारची बाई रात्रभर कण्हत होती, पण पोटापेक्षा घरच्या पोरांच्या काळजीनं, हे केसपेपरवर कुठंही येत नाही, ओव्हरमध्ये येतं. तिथं पावरी ही आदिवासी बोली बोलणारी एखादी मुलगी नेमलेली असेल तर तिला नुसती दुभाषी समजू नकोस. बाई काय बोलली त्याबरोबर बाईनं काय सांगायचं टाळलं तेही तिला कळतं.

तू एकदा म्हणालीस की स्टाफमध्ये निम्मे ख्रिस्ती नाहीत, मग ही सेवा सगळ्यांची मिळून कशी म्हणायची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शेवटच्या वर्षांत देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा ठेवली होती. तुझी आयामावशी सकाळच्या प्रार्थनेला हात जोडून उभी राहते, तिच्या मनात कोण असतं ते देव पाहील. तुम्ही दोघी एकाच बाळासाठी जाग्या राहता, तेवढं मला पुरतं. आणि हेही लिहून ठेवते: खाटेवर पडलेल्या माणसाला आपल्याला "नको" म्हणायची मोकळीक नसते, म्हणून त्याला उपदेश करू नये. त्यानं विचारलं तर सांगावं. विचारलं नाही तर ड्रेसिंग नीट करावं.

पीजीचं तुझं तू ठरव. माझं मत विचारलंस म्हणून सांगते, माझ्यावाचून चालणार नाही या कारणासाठी तिथं राहू नकोस. त्या लोकांत राहावंसं वाटतं म्हणून राहिलीस तर मी दर नाताळला तिकडे येईन, पप्पांनाही आणीन, त्यांचे गुडघे काय म्हणतात ते बघू. आणि जायचं ठरलं तर उरलेल्या महिन्यांत एवढंच बघ की तू गेल्यावर ती रात्रीची सिस्टर न घाबरता काम करील. गायनिक करून परत गेलीस तर उत्तमच, पण तसं वचन आत्ता देवाला देऊ नकोस. थकलेलं माणूस भलती वचनं देतं.

बाकी सगळं ठीक. हंगामाच्या उपासनेला या वर्षी अर्पण बरं आलं, लिलावात आपला भोपळा पाळकीणबाईंनीच घेतला. पप्पांची शुगर जरा वर आहे, लाडू मी लपवलेत. महिला मंडळानं तुमच्या दवाखान्यासाठी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली आहेत, दोन पोती भरलीत. चार-पाच जणींनी तर नवीन टोपडीही विणलीत, रंग विचारू नकोस. एसटीच्या पार्सलनं नंदुरबार डेपोपर्यंत टाकते. घ्यायला कोण येईल ते विचारून ठेव. तुझ्या नावानं पाठवत नाही, त्या नाईटच्या सिस्टरचं पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर मला व्हॉट्सअ‍ॅप कर. वाटायची कशी ते तिला ठरवू दे.

तुझी,
आई