ईराला घेऊन जर्मनीला जाण्याआधी

राजारामपुरी, कोल्हापूर
12 मार्च

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवाच मिळाले. कंपनी तुला स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात दहा महिन्यांसाठी पाठवत आहे, प्रसादला नाशिकची नोकरी सोडून येणे शक्य नाही आणि तरीही ईराला बरोबर न्यायचेच असे तुम्ही दोघांनी ठरवले आहे, हे वाचून बरे वाटले. साडेतीन वर्षांच्या मुलीला इतके महिने मागे ठेवून जाण्यापेक्षा हा मार्ग अवघड असला तरी चांगला, असे माझे मत माझ्या अथर्वला घेऊन तिकडे राहिल्यापासून पक्के झाले आहे.

व्हिसा, तिकीट आणि पगार कंपनी पाहणार आहे, तर मी नेमके कशाकडे लक्ष द्यावे, असे तू विचारले आहेस. कंपनीच्या यादीत तू आहेस, ईरा नाही, एवढे ध्यानात ठेवलेस की बाकीचे आपोआप सुचत जाईल. तुला जूनमध्ये रुजू व्हायला सांगितले आहे, ती तारीख त्यांच्या मशीनच्या उभारणीवरून ठरलेली आहे. तू अजून होकार कळवला नसशील तर कळवू नकोस आणि सप्टेंबरची तारीख मागून घे.

याचे कारण तिथल्या बालवाडीच्या वर्षात आहे. तिकडे बालवाडीला किटा म्हणतात. मोठी मुले उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत गेली की जागा मोकळ्या होतात, आणि तुझ्या भागात, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, ही सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. जूनमध्ये गेलीस तर ईराला जागा मिळण्याची शक्यता फार कमी, आणि ऑगस्टमध्ये बऱ्याच किटा काही आठवडे बंदच असतात. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क 1 ऑगस्ट 2013 पासून आहे, हे तुला कंपनीतले कोणीतरी मोठ्या खात्रीने सांगेल. हक्क आहे हे खरे, पण शिक्षिका पुरेशा नाहीत आणि जागाही पुरेशा नाहीत, त्यामुळे हक्काचा कागद हातात असलेले पालकही रांगेत उभे असतात. म्हणून कामाचे गाव नक्की झाल्याबरोबर त्या गावच्या नगरपालिकेकडे इथूनच नाव नोंदवता येते का ते पाहा, आणि मुक्काम दहा महिन्यांचाच आहे हे लपवू नकोस. काही ठिकाणी त्यामुळे नकार येईल, पण जिथे होकार येईल तिथे तो टिकेल. एखाद्या किटाची जागा मिळालीच नाही, तर घरी मुले सांभाळणाऱ्या परवानाधारक बायका असतात, त्यांना टागेसमुटर म्हणतात. एका बाईला एका वेळी पाचच मुले ठेवण्याची मुभा असते. लहान मुलांसाठी ही सोय मला किटापेक्षाही उजवी वाटली, पण ती बाई आजारी पडली की तुझ्या रजेचा प्रश्न उभा राहतो, हेही आधीच सांगते.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलीला दारात सोडून कामावर जाता येईल, असे मात्र समजू नकोस. आपल्याकडे बालवाडीत पहिले चार दिवस रडारड होते आणि पाचव्या दिवशी मूल निमूट बसते, ही पद्धत तिथे अजिबात मान्य नाही. पहिले काही दिवस आईने किंवा घरच्या माणसाने वर्गातच एका कोपऱ्यात बसायचे, मग काही मिनिटांसाठी बाहेर जायचे, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत, अशी हळूहळू सवय लावतात. यात दोन ते चार आठवडे सहज जातात आणि मुलाचा जीव रमला नाही तर आणखीही लागतात. मला हे सुरुवातीला अतिरेकाचे वाटले होते. पण ज्या मुलाला आजूबाजूचे एक अक्षरही कळत नाही त्याच्यासाठी ही पद्धत फार शहाणपणाची आहे, असे आता मी कोणालाही सांगेन. तेव्हा पहिला महिनाभर अर्धा दिवसच काम असेल, हे कंपनीकडून लेखी घे. तोंडी आश्वासन देणारा साहेब नाशिकचा असतो आणि हजेरी पाहणारा तिकडचा.

आणि इथेच काकूंचा, म्हणजे तुझ्या आईचा, विषय येतो. ओळखीचे माणूस म्हणून आजी चालते, आईच हवी असा आग्रह नसतो. अथर्वच्या वेळी दुसऱ्या आठवड्यात माझ्या सासूबाई बसत होत्या. त्यांना जर्मन येत नव्हते, शिक्षिकेला मराठी येत नव्हते, आणि तरीही त्या दोघींचे माझ्यापेक्षा चांगले जमले. काकू भेटीच्या व्हिसावर आल्या तर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहू शकतात, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. त्या तुझ्याबरोबर ऑगस्टच्या अखेरीस निघाल्या, तर घर लागणे, किटाची सवय आणि तुझे कामात बसणे या तिन्ही गोष्टी त्यांच्या मुक्कामात उरकतात, आणि साडेचारलाच अंधार पडू लागतो त्या दिवसांच्या तोंडावर त्या परत येतात. जूनमध्ये गेल्या तर त्यांचे नव्वद दिवस किटा सुरू होण्यापूर्वीच संपतील. त्यांच्या व्हिसाची फी 90 युरो आहे, किमान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मी मंगळवार पेठेत जाऊन त्यांना भेटून आले. "थंडीचं काय ते मी बघते, तिथं भाकरीचं पीठ मिळतं का तेवढं विचार," असे त्या म्हणाल्या, म्हणजे त्यांची तयारी झाली आहे असे समज. अडचण एवढीच की त्यांचा पासपोर्ट नाही, आणि आधार कार्डावरचे नाव व बँकेच्या पुस्तकातले नाव यांत फरक आहे. आधी आधार दुरुस्त करून मग त्यांना पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात घेऊन जाण्याचे माझ्याकडे लागले.

ईराचा जन्मदाखला हे दुसरे काम कोल्हापूरचेच आहे. बाळंतपण माहेरी झाले असल्याने दाखला इथल्या महापालिकेकडूनच मिळणार, आणि काकूंनी जी प्रत दाखवली तिच्यात बाळाच्या नावाची जागा मोकळी आहे. बारशाआधी नोंद झालेल्या निम्म्या मुलांची हीच गत असावी. नाव 15 वर्षांपर्यंत घालता येते, पण जन्माला वर्ष उलटून गेले असल्याने विलंब शुल्क भरावे लागेल. तुम्हा दोघांच्या सह्यांचा अर्ज आणि माझ्या नावाचे अधिकारपत्र पाठव. नावाचे स्पेलिंग मात्र आताच एकदा ठरवून टाका, कारण दाखला, पासपोर्ट, व्हिसा आणि तिथली नोंदणी या चारही ठिकाणी तेच यायला हवे. ईराचा पासपोर्ट स्वतंत्र, व्हिसाही स्वतंत्र, आणि पासपोर्टच्या अर्जावर तुम्हा दोघांच्याही सह्या लागतात. प्रसाद बरोबर येत नसल्याने व्हिसासाठी त्याचे नोटरी केलेले संमतीपत्र लागेल, तेही याच वेळी करून ठेव.

आता घराविषयी. तिथे साधे भाड्याचे घर पुष्कळदा स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय आणि दिव्यांशिवाय मिळते, त्यामुळे दहा महिन्यांसाठी सामानासह असलेलेच घर पाहावे लागते आणि त्याचे भाडे बरेच जास्त असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेल्या भाड्यात पाणी आणि घर तापवण्याचा खर्च बहुधा धरलेला नसतो, म्हणून नेहमी सगळ्यासकट किती ते विचार. अनामत रक्कम कायद्याने मूळ भाड्याच्या तिप्पट रकमेपर्यंतच घेता येते. घर न पाहता पैसे भरू नकोस. मालक परदेशात आहे, अनामत पाठवली की किल्ली टपालाने येईल, असे सांगणारा माणूस ठकच असतो. त्यापेक्षा पहिल्या महिन्यापुरते कंपनीचे अतिथीगृह किंवा सुट्टीतले घर घे आणि तिथून शोध घे, पण तेही घेताना एक प्रश्न लेखी विचार: राहत असल्याचे सहीचे पत्र मालक देईल का? घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि ती या पत्राशिवाय होत नाही. ती झाली नाही तर पगारासाठी लागणारा कर क्रमांक येत नाही आणि किटाचेही गाडे अडते. सुट्टीतल्या घरांचे काही मालक असे पत्र द्यायला सरळ नकार देतात, आणि नेमके हेच पैसे भरून झाल्यावर कळते.

घर कारखान्याजवळ घ्यावे की गावात, असेही तू विचारले आहेस. किटाजवळ घे. तू एकटी अर्धा तास जास्त ट्रेनमध्ये बसलीस तर काही बिघडत नाही, पण ईराला ताप आला की किटातून लगेच फोन येतो आणि तिला न्यावेच लागते. त्या वेळी काकू चालत जाऊन तिला आणू शकतील, एवढेच अंतर असू दे. काकू परतल्यावर तुझ्या मदतीला कोण येणार, त्याचा शोध मात्र त्या तिथे असतानाच सुरू कर. किटातल्याच एखाद्या आईशी ओळख होणे हे सगळ्यांत सोपे.

विम्याची गोष्ट लहान आहे पण चुकवू नकोस. तुझा पगार इथूनच चालू राहणार असेल तर कंपनी खासगी विमा काढेल, तो ईरासाठीही आहे का आणि त्यात बालरोगतज्ज्ञाकडच्या साध्या भेटी व लसीकरण येते का, हे वाचून घे. केवळ प्रवासी विमा असेल तर तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरताच असतो. तिथे नोकरीचा करार झाला तर सरकारी विम्यात मूल वेगळा हप्ता न भरता येते. भविष्य निर्वाह निधी कार्यालयातून तुझ्या नावाचे संरक्षण प्रमाणपत्र कंपनीला घ्यायला सांग. दोन्ही देशांतला सामाजिक सुरक्षेचा करार 1 मे 2017 पासून लागू आहे आणि 48 महिन्यांपर्यंत पाठवलेल्या माणसाला तिथल्या पेन्शनचा हप्ता भरावा लागत नाही. ईराच्या लसीकरणाचे कार्डही जपून ने, कारण मार्च 2020 पासून गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात प्रवेश देत नाहीत, आणि दोन वर्षांवरील मुलांना दोन डोस झालेले असावे लागतात.

सामानात नृसिंहवाडीचे पेढे, तूप, खवा असले काही घालू देऊ नकोस, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कांदा-लसूण चटणी खुशाल ने, मी काकूंकडे करून देईन. जाड कपडे इथून घेण्यात पैसे घालवू नकोस. पावसात खेळण्याची रबरी पँट आणि बूट तिथे स्वस्तात मिळतात आणि किटावाले ते मागतातच, कारण पाऊस असो वा थंडी, मुलांना रोज बाहेर काढतात. काकूंना याची आधी कल्पना देऊन ठेव, नाहीतर त्या पहिल्याच दिवशी तिथे भांडतील. विमानतळावरून टॅक्सी सांगताना लहान मुलाची सीट हवी असे कळव. आणि पाणी, शू, शी, भूक, दुखतंय, आई कामाला गेली, असे ईराचे रोजचे शब्द रोमन अक्षरांत एका कागदावर लिहून किटातल्या शिक्षिकेला दे. आमच्या वेळी तो कागद त्यांनी वर्षभर भिंतीवर लावून ठेवला होता.

कंपनीला सप्टेंबरविषयी लिहिशील ते पत्र पाठवण्यापूर्वी मला दाखव. कारण म्हणून मुलीची अडचण लिहू नकोस, किटाचे वर्ष केव्हा सुरू होते ते लिही. त्यांच्या तिकडच्या माणसाला ते एका वाक्यात कळेल. अर्ज आणि अधिकारपत्र मात्र या आठवड्यातच पाठव, म्हणजे मार्च अखेरच्या गर्दीआधी महापालिकेत जाऊन येईन. काकूंच्या आधारचे काम सोमवारी करते आहे.

प्रसादला नमस्कार, ईराला गोड पापा.

तुझी,
स्मिता