सेकंडहँड बोट तपासायला आलेल्या काकांना थँक्यू

काका,
त्या दिवशी डोकं एवढं सुन्न झालं होतं की तुम्हाला धड थँक्यू पण म्हटलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्या आधी ज्यांना फी देऊन हीच सेकंडहँड बोट दाखवली होती ते साहेब एक चक्कर मारून, चार फोटो काढून, "बॉडी टकाटक आहे, घेऊन टाका" म्हणून मोकळे. नवा रंग बघूनच खूश! कशाला वाकून बघायला नको की काही उघडायला नको. असो.

तुम्ही आल्या आल्या इंजिनाचं झाकण काढून आधी तळहात ठेवलात. गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच मालकाने चालू करून ठेवलेलं, थंड इंजिन स्टार्ट व्हायला किती रडतं, धूर किती सोडतं ते आपल्याला दिसूच नये. तुम्ही भांडला नाहीत, "थंड होऊ दे, तोवर बाकीचं बघतो" एवढंच.

पण मला खरी लक्षात राहिली ती तुमची प्लास्टिकची हातोडी. ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचा आकडा दाखवून मला गप्प करता आलं असतं, तसं न करता तुम्ही हातोडी माझ्या हातात दिलीत, म्हणालात "आता तू वाजव." बाजूंवर खणखणीत टकटक आणि मागे जिथे इंजिन बसतं त्या ट्रान्समवर आलो की आवाज एकदम बद्द. वरून फायबर चकाचक, आतलं प्लायवूड बोल्टच्या भोकांतून पाणी पिऊन पिऊन कुजलेलं. मग तुम्ही इंजिनाचा पाय, म्हणजे खाली पाण्यात जाणारा भाग, धरून हलवलात तर कोपऱ्यातली केसाएवढी चीर उघडझाप करायला लागली, रंगाखाली छान लपवलेली होती.

नुसतं "घेऊ नको" म्हणाला असतात तरी मी ऐकलं असतं हो. पण समोरच्याला काय कळतंय असं धरून न चालता त्याला स्वतःच्या कानाने ऐकू देणारी माणसं कितीशी भेटतात? आणि पाण्यावरची ट्रायल झालीच नाही म्हणून तिचे पैसे पण घेतले नाहीत तुम्ही, मागितले असते तर मी मुकाट्याने दिले असते.

दुसरी एक बघून ठेवलीये. मालकाला आधीच बजावलंय, आम्ही येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. तुम्ही कधी मोकळे आहात तेवढं कळवा.