बादलीतलं कासव गंगेत सोडण्याआधी

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी पंचवटीत राहते. परवा सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाघाटावर, एक तरुण जोडपं बादली घेऊन आलं. आत ताटलीएवढं कासव, डोळ्यांमागे लाल पट्टा. "काकू, टाकी पुरेना हो. इथे सोडलं की पुण्यही लागेल," मुलगी म्हणाली. आणलं तेव्हा ते पाच रुपयांच्या नाण्याएवढं होतं. ते मूळचं अमेरिकेतलं आहे, वीस-तीस वर्षं जगतं, हे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं. मी समजावेपर्यंत नवऱ्याने बादली उपडी केलीसुद्धा.

त्या दोघांवर मी रागावले नाही. कासव नेऊन द्यायचं कुठे, हे मलाही सांगता आलं नाही.

हे कासव मिळेल ते खातं, उन्हाला बसायच्या जागा अडवतं, आपल्या कासवांना जगणं अवघड करतं. हीच गोदावरी पुढे निफाडात नांदूरमध्यमेश्वरला जाते. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून आपण ते मिरवलं.

साहेब, कायदा आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. २०२४ च्या नियमांनुसार बॉल पायथन हा अजगर, इग्वाना हा मोठा सरडा असे परदेशी प्राणी घरात असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, नवीन आणला तर तीस दिवसांत. आपला पोपट किंवा चांदणी कासव तर पाळताच येत नाही. पण आमच्या गल्लीत पिंजऱ्यातला पोपट गुन्हा आहे, हे कितीजणांना ठाऊक असेल? दुकानांसाठी २०१८ चे नियम वेगळे, ते बघणारं खातं वेगळं. ग्राहकाला मात्र पैसे मोजताना यातलं काहीच कळत नाही.

म्हणून विनंती आहे. प्राणी विकताना तो कोणता, किती वाढतो, नोंदणी लागते का, हे मराठीत छापलेला कागद दुकानदाराने दिलाच पाहिजे, असा आदेश काढा. आणि नाशिकमध्ये एक जागा ठरवा, जिथे नको झालेला प्राणी आणून देता येईल. आणणाऱ्याला तिथे गुन्हेगार समजू नका, नाहीतर लोक पुन्हा रात्रीच्या अंधारात नदीच गाठतील. सिंहस्थासाठी घाटांची कामं चालू आहेत, तिथे त्या जागेच्या पत्त्याचा फलक लागू द्या.

आपली,
पंचवटीतील एक रहिवासी